हात पुढे येण्याआधी

भीक मागणारा हात समोर येतो तेव्हा विचार करायला आपल्यापाशी दोन-चार सेकंद असतात. तेवढ्यात नजर त्या माणसावरून फिरते. हातपाय धड आहेत का, कपडे किती मळलेत, तोंडाला वास येतोय का, कडेवर मूल आहे का. त्याच वेळी आपण खिशात सुटे आहेत का ते आठवतो आणि बाजूला कोण उभं आहे तेही बघतो. मग काहीतरी देतो, नाहीतर मान वळवतो. कारण सापडतं ते चार पावलं पुढे गेल्यावर. ‘दिल्यानं आळस वाढतो’ काय किंवा ‘दोन नाण्यांनी आपलं काय जातं’ काय, ही वाक्यं बहुतेक वेळा कृती होऊन गेल्यावर सुचतात.

हा निर्णय रस्त्यावर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. तो घरी बसून, शांतपणे, महिन्यातून एकदा घ्यावा आणि रस्त्यावर फक्त पाळावा. रस्त्यावर आपण जे ठरवतो, त्यात आपली मूल्यं फार थोडी असतात. बाकीचं सगळं प्रसंग ठरवतो.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एका दाराशी एक माणूस अंग टाकून बसलेला होता, खोकत, कण्हत. काही विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय तर बायबलमधली तीच गोष्ट होती, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या माणसाची. भाषणाचा विषय कोणता होता, यानं थांबण्यात लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईनं. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. जेमतेम वेळ असलेल्यांतले ४५ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांतले फक्त १० टक्के थांबले.

मागण्याच्या शब्दांचंही तसंच. रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांच्या १९७६ सालच्या अभ्यासात दारोदार वर्गणी मागताना ‘एक पेनी दिलीत तरी उपयोग होईल’ एवढं वाक्य जोडलं, तर देणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं ते ५० टक्क्यांवर गेलं. गंमत म्हणजे लोकांनी पेनी दिली नाही, नेहमीइतकीच रक्कम दिली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भीक मागणाऱ्याच्या वेशातल्या विद्यार्थ्यांनी ‘चिल्लर आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘१७ सेंट आहेत का’, ‘३७ सेंट आहेत का’ असं विचारलं. पैसे मिळण्याची शक्यता जवळपास ६० टक्क्यांनी वाढली. नेहमीच्या मागणीला आपल्या तोंडात तयार ‘नाही’ असतं. विचित्र आकडा कानावर पडला की ते तयार उत्तर अडखळतं, माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात देणं होऊन जातं.

जेम्स अँड्रिओनी आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या सुपरमार्केटच्या दारांवर केलेला प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. दाराशी दानपेटी घेऊन उभी असलेली व्यक्ती कधी नुसती घंटा वाजवायची, तर कधी ‘कृपया द्या’ असं तोंडानं म्हणायची. तोंडानं मागितलं की देणारे खूप वाढले. पण दुसऱ्या दारानं निसटून जाणारेही तितक्याच ठळकपणे वाढले. म्हणजे निसटणाऱ्यांना पूर्ण कल्पना होती की समोर गेलो तर आपला हात खिशात जाईल. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाणारा माणूस निर्दय असतो असं म्हणूनच मी मानत नाही. बऱ्याचदा त्याला आपल्या मऊपणाची भीती वाटत असते.

आता ‘धट्टाकट्टा आहे, काम का करत नाही’ या वाक्याकडे वळतो. हे वाक्य आपल्याला अगदी आपलं, आत्ताचं वाटतं. त्याचा इतिहास जुना आहे आणि त्याचा उगम दयेच्या तत्त्वज्ञानात नाही. १३४८ मध्ये इंग्लंडात प्लेग शिरला, माणसं पटापट मेली, शेतावर मजूर मिळेनात, मजुरी चढू लागली. १३४९ साली राजाचं फर्मान निघालं. मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधली गेली, आणि त्याच फर्मानात एक कलम आलं की काम करू शकणाऱ्या भिकाऱ्याला दयेपोटी काही दिलं तर देणाऱ्याला तुरुंग. जमीनदाराला स्वस्त मजूर हवा होता, आणि भीक मिळाली तर मजूर त्या दरानं राबायला येणार नव्हता. सुपात्र आणि अपात्र गरीब अशी फोड तिथं सरकारी झाली. १५३१ च्या कायद्यानं म्हाताऱ्या-अपंगांना भीक मागायचे परवाने दिले आणि धडधाकटांना चाबकाचे फटके. १८३४ मध्ये आणखी एक तत्त्व आलं. सरकारी आसऱ्यातली स्थिती बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायची, म्हणजे तिथं यायची कुणाला इच्छाच होणार नाही.

पुढच्या कायद्यांत हाच धागा दिसतो. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देतो, आणि उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही, तो मागूनच जगत असणार असं वाटलं तर, भिकाऱ्याच्या व्याख्येत ओढतो. दिल्लीतही हाच कायदा लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जिनिव्हात एका निरक्षर, अत्यंत गरीब बाईला भीक मागितल्याबद्दल ५०० फ्रँक दंड झाला, भरता आला नाही म्हणून ५ दिवस कोठडी. २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं हा तिच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. स्वीडनमधल्या एस्किल्स्तुना शहरानं २०१९ मध्ये भीक मागायला परवाना सक्तीचा केला, शुल्क २५० क्रोनर. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून ‘मागण्याची फी’ घ्यायची, हे वाचून मला आजही संताप येतो.

दंड लावून काय बिघडतं तेही सांगतो. दंड भरता येत नाही, मग वॉरंट निघतं, मग नावावर नोंद लागते, आणि पुढे खोली भाड्यानं घेताना किंवा काम मागताना ती नोंद आडवी येते. माणूस चौकातून हलतो खरा, पण दोन चौक पलीकडे जातो. तिथं त्याला ओळखणारा चहावाला नसतो, औषध देणारी परिचारिका नसते. त्याला धरून राहिलेले दोन-तीन धागे तेवढे तुटतात.

गरिबीचं कारण लोक काय सांगतात, यावर ज्यो फीगिन या समाजशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये अमेरिकेत मोठं सर्वेक्षण केलं. त्यानं उत्तरांची केलेली तीन भागांतली मांडणी अजून वापरात आहे. माणूस स्वतः जबाबदार (आळस, उधळपट्टी, व्यसन), व्यवस्था जबाबदार (कमी मजुरी, वाईट शाळा, भेदभाव), आणि नशीब जबाबदार (आजारपण, अपघात). बहुतेकांच्या डोक्यात तिन्ही एकत्र नांदतात. स्वतःची नोकरी जाते तेव्हा दुसरं किंवा तिसरं कारण पुढे येतं, परक्याची जाते तेव्हा पहिलं. देशादेशांतही फरक आहे. अल्बर्टो आलेसिना, एडवर्ड ग्लेझर आणि ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये जागतिक मूल्य-सर्वेक्षणातले आकडे मांडले. गरीब आळशी असतात असं मानणारे अमेरिकेत ६० टक्के, तर युरोपात २६ टक्के. गरिबीतून वर येण्याची संधी मात्र अमेरिकेत त्या मानानं जास्त असल्याचं दिसत नाही. ही समजूत वस्तुस्थितीवरून कमी आणि वाढलो त्या वातावरणावरून जास्त ठरते.

या समजुतीच्या तळाशी काय असतं, ते मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ च्या प्रयोगात दिसतं. प्रेक्षकांना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवलं (ती अभिनय करत होती). ज्यांना तिची सुटका करता येणार होती, त्यांनी ती बहुधा केली. ज्यांना काहीच करता येणार नव्हतं, नुसतं बघत बसायचं होतं, ते हळूहळू तिलाच नावं ठेवू लागले. जग न्याय्य आहे ही समजूत जपायची असेल आणि मदतही करता येत नसेल, तर ‘तिचंच काही चुकलं असेल’ हा एकच रस्ता उरतो. मला यातून मिळालेली गोष्ट फार व्यवहारी आहे. तिरस्कार बऱ्याचदा असहायतेतून येतो. आपण काय करणार हे ज्याचं ठरलेलं असतं, त्याला समोरच्याला नावं ठेवायची गरज कमी पडते.

पैसे दारूत जातील, ही सगळ्यांत मोठी शंका. ती टाळण्यासारखी नाही, म्हणून नीट बघू. टोरांटोत २००१ मध्ये ५४ भीक मागणाऱ्यांना त्यांचा महिन्याचा हिशेब विचारला गेला आणि पुढच्या वर्षी तो कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मध्यक उत्पन्न महिन्याला ६३८ डॉलर, त्यातलं भिकेचं ३०० डॉलर. खर्चात सर्वांत मोठं खातं अन्नाचं, २०० डॉलर. तंबाखू ११२, दारू आणि अमली पदार्थ मिळून ८०. हे त्यांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, शहर एकच आहे, माणसं थोडी आहेत, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण दोन टोकाचे दावे यानं कोसळतात. सगळं दारूत जातं हे खरं नाही, आणि काहीच जात नाही हेही खरं नाही. वाड्यात राहणाऱ्या लखपती भिकाऱ्याची बातमी होते, कारण ती विरळ असते.

व्हँकुव्हरमध्ये २०१८ मध्ये बेघर लोकांपैकी ५० जणांना एकरकमी ७,५०० कॅनडियन डॉलर दिले, अटी काहीच नाहीत, आणि ६५ जणांच्या दुसऱ्या गटाशी तुलना केली. वर्षभरात पैसे मिळालेल्यांचे बेघर दिवस सरासरी ९९ नी कमी झाले. दारू, तंबाखू, नशा यांवरचा खर्च वाढला नाही. हा अभ्यास सगळीकडे उत्साहानं सांगितला जातो आणि त्यातली एक अट मात्र गाळली जाते. तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना आधीच वगळलेलं होतं. म्हणून ‘कुणालाही पैसे द्या, सगळं सुरळीत होईल’ असं त्यावरून म्हणता येत नाही. गरिबांना थेट रोख रक्कम देणाऱ्या योजनांचे डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी १९ अभ्यास एकत्र तपासले, तिथंही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं एकंदरीत दिसलं नाही. हे अभ्यास घरदार असलेल्या गरीब कुटुंबांचे आहेत, चौकात बसणाऱ्यांचे नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

आणि समजा समोरचा माणूस खरंच दारूवर अवलंबून आहे. मग ‘मी दिले नाहीत म्हणून तो सुटेल’ या विचारात एक वैद्यकीय चूक आहे. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काही तासांत हातापायांना कंप सुटतो, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या टप्प्यावर भ्रमाची अशी अवस्था येऊ शकते की उपचार न मिळाल्यास जीव जातो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. फुटपाथवर पैसे आवळून ती सुटत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. हातावर ठेवलेले पैसे त्याचे. त्याचं काय केलं हे विचारायचा हक्क मला नाही, जसा माझ्या पगाराचं मी काय करतो हे विचारायचा हक्क मालकाला नसतो. ज्यांना हे मनापासून पटत नसेल त्यांनी रोख देऊ नये. पण मग त्याला उपदेशही करू नये.

आता ठरवायचं कसं ते सांगतो. दर महिन्याला मिळकतीतून दुसऱ्यासाठी जी काही रक्कम बाजूला काढत असाल, तिचे पाच भाग करा. चार भाग नियमित काम करणाऱ्या संस्थेला, एक भाग रस्त्यासाठी. हे प्रमाण माझं आहे, तुमचं वेगळं असू शकेल, पण दोन्ही खाती हवीत. नुसत्या संस्थेला देणारा हळूहळू माणसांकडे बघेनासा होतो. नुसतं रस्त्यावर देणाऱ्याचे पैसे ज्या चौकातून तो जातो तेवढ्याच चौकात फिरतात, आणि जे मागत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. उपाशी राहूनही हात पसरवत नाही अशी माणसं खूप असतात.

मग एक आठवडा नुसतं मोजा, रोज किती हात समोर येतात. समजा रोज चार आणि महिन्यात २५ दिवस तुम्ही बाहेर पडता, म्हणजे शंभर. रस्त्याचा भाग भागिले शंभर केलं की इतकी किरकोळ रक्कम येते की ती देणं केवळ सुटका करून घेणं होतं. म्हणून रकमेचे २५ भाग करा आणि दिवसाला एकच द्या, असा की त्यात काहीतरी घेता येईल. कुणाला द्यायचा? ‘दिवसातला पहिला हात’ हा नियम मला सगळ्यांत चांगला वाटतो, कारण त्यात चेहरा पारखावा लागत नाही. ज्याला मागायची कला जमते, ज्याची जखम उघडी दिसते, ज्याच्याजवळ गोड मूल आहे, त्यालाच मिळत राहतं आणि गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला मिळत नाही, हा आपल्या निवडीचा नेहमीचा दोष पहिल्या हाताच्या नियमानं टळतो. दुसरा पर्याय म्हणजे वाटेवरच्या एकाच माणसाला नेहमी देणं. त्यात ओळख होते, पण एक जबाबदारी येते. तो त्या पैशांवर विसंबू लागतो. तुम्ही गावाला जाणार असाल किंवा थांबणार असाल, तर आधी सांगा. न सांगता गायब होऊ नका.

नोटा आदल्या रात्रीच वेगळ्या खिशात काढून ठेवा. गर्दीत पाकीट उघडावं लागलं की आपण बिचकतो, आणि बिचकलेला माणूस नाही म्हणतो. वाहत्या रस्त्यावर गाडीच्या खिडकीतून देऊ नका. दिवा बदलतो, मागचा हॉर्न वाजवतो, नोट खाली पडते आणि ती उचलायला माणूस चाकांमध्ये वाकतो. द्यायचं तर गाडी बाजूला घेऊन किंवा पायी. वरून नाणं टाकू नका, वाका आणि हातात किंवा भांड्यात ठेवा. दृष्टी अधू असलेल्याला किती दिले ते सांगा, म्हणजे पुढच्या दुकानात त्याला कुणी फसवणार नाही.

‘नाही’ म्हणायची वेळ जास्त वेळा येणार आहे, म्हणून तेही आधी ठरवलेलं असावं. ‘सुटे नाहीत’ हे खोटं आहे आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असतं. त्याच्याकडे बघून ‘आज नाही जमणार, काका’ किंवा ‘मावशी, आज नाही’ एवढं पुरे. बरेच लोक सांगतात की नकारापेक्षा आपण तिथं नाहीच असं वागवलं जाणं जास्त लागतं. लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांच्या २००६ च्या मेंदूच्या अभ्यासात बेघर आणि व्यसनी माणसांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करताना मेंदूचा जो भाग एरवी जागा होतो, तो जागा झाला नाही. पुढच्या अभ्यासात त्याच छायाचित्रांबद्दल ‘या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का’ असा साधा प्रश्न विचारला आणि तो भाग जागा झाला. आवडनिवड विचारली की माणूस माणूस दिसू लागतो. म्हणून एखादा प्रश्न विचारा. आज किती वेळ बसलात, पाय कसा आहे, नाव काय. आवाज नेहमीचा ठेवा, लहान मुलाशी बोलतो तसा नको.

पैशांऐवजी खायला द्यायचं असेल तर आधी विचारा. दात नसलेल्याला कडक पदार्थ चावत नाही, मधुमेह असलेल्याला गोड चालत नाही, आणि एकाच मंदिरापाशी किंवा स्थानकापाशी बसणाऱ्याला त्याच दिवशी तीच पाकिटं आणखी चौघांनी दिलेली असतात. ठेवायला जागा नसल्यानं जास्तीचं फेकलं जातं आणि मग ‘बघा, अन्न फेकतात’ असं आपणच म्हणतो. पाणी पिण्याचंही एक गणित असतं. जवळ शौचालय नसेल तर बायका मुद्दाम कमी पितात. वस्तूंमध्ये मोजे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी मिळणारे. पाय ओले राहिले की कातडी पांढरी पडून सुटते, जखम होते, आणि चालणं बंद झालं की उरलेलं सगळंच बंद होतं. त्याखालोखाल सॅनिटरी पॅड, छोटा साबण, पावसात टिकेल असं प्लास्टिकचं कापड. जुन्या कपड्यांची मोठी पिशवी नको. सगळी मालमत्ता खांद्यावर वाहणाऱ्याला तिचं ओझं होतं.

काही प्रसंगांत वरचा नियम मोडायचा. मुलाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, हे मी कठोरपणे पाळायला सांगेन. मूल कमावतं झालं की ते शाळेतून आणि झोपेतून काढून पुन्हा तिथंच उभं केलं जातं, आणि जिथं मागे कमावणारा मोठा माणूस आहे तिथं रोजचा आकडा ठरवून दिलेला असतो. सेनेगलमध्ये दुसऱ्याला भीक मागायला लावून कमाई करणं २००५ पासून गुन्हा आहे आणि तरी तो धंदा संपलेला नाही, कारण रस्त्यावरची नाणी थांबलेली नाहीत. मुलाशी बोला, समोर बसून खाऊ द्या, आणि तेच मूल शाळेच्या वेळेत रोज दिसत असेल तर बालसंरक्षण यंत्रणेला जागा, वेळ आणि सोबत कोण असतं ते कळवा. मुलाचा फोटो काढून पसरवू नका.

निपचित पडलेल्या माणसाला ‘पिऊन पडलाय’ म्हणून ओलांडू नका. रक्तातली साखर उतरणं, डोक्याला मार, पक्षाघात, थंडीनं गारठणं, हे सगळं बाहेरून नशेसारखंच दिसतं. तोंडाला दारूचा वास असला तरी यांतलं काहीतरी असू शकतं. खांद्यावर थोपटून मोठ्यानं हाक मारा. उत्तर नसेल तर दहा सेकंद छाती हलते का बघा. श्वास चालू असेल आणि पडल्याचं किंवा मार लागल्याचं काही दिसत नसेल तर कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबा. श्वास नसेल किंवा नुसती अधूनमधून धाप लागत असेल तर फोनवरचे लोक छाती दाबायला सांगतील, ते सांगतील तसं करा. जो माणूस स्वतःशीच बोलतोय, ज्याला ऋतूचं भान नाही, जो पैसे मागतही नाही, त्याला पैशांचा उपयोग नसतो. त्याला उपचारापर्यंत नेणारी संस्था शोधावी लागते, आणि तुमचं काम तिला नेमकी जागा आणि वेळ कळवण्याचं आहे.

संस्था निवडताना एका सापळ्यापासून सांभाळा. २००७ च्या एका अभ्यासात डेबोरा स्मॉल आणि सहकाऱ्यांनी लोकांना देण्यासाठी ५ डॉलर दिले. उपासमारीचे आकडे वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी २.३८. गोष्ट आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तर रक्कम पुन्हा घसरून १.४३ वर आली. म्हणून माहितीपत्रकावर नेहमी एक चेहरा असतो. चेहरा बघून भरून आलं तर येऊ द्या, पैसे मात्र प्रश्न विचारून द्या. तुमच्याकडे आलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण छपराखाली आहेत? प्यायलेल्याला, कुत्रं सोबत असलेल्याला, नवरा-बायकोला एकत्र घेता का? कुणाला बाहेर काढता आणि का? ज्या आसऱ्यात दार संध्याकाळी लवकर बंद होतं, तिथं रात्रपाळीचं काम करणारा राहूच शकत नाही, आणि मग ‘सोय आहे तरी जात नाहीत’ अशी ओरड होते. फिनलंडनं २००८ पासून उलटा क्रम धरला. आधी स्वतःच्या नावाचं भाडेपत्र आणि किल्ली, व्यसन, आजार, काम हे सगळं त्यानंतर. तिथला दीर्घकाळ बेघर असलेल्यांचा आकडा खाली आला. तुमच्या पैशांचे चार भाग जिथं जाणार, तिथं किल्ली द्यायच्या आधी किती अटी आहेत ते विचाराच.

महिन्याच्या शेवटी रस्त्याच्या खिशात काय उरलं ते मोजा. बरंच उरलं असेल तर बहुधा तुम्ही महिनाभर दुसऱ्या फुटपाथवरून चालत होता. उरलेलं संस्थेच्या खात्यात भरा आणि पुढच्या महिन्यात पहिला हात कुठे भेटतो त्या वाटेनं जा. आठवडाभर आधीच संपलं असेल तर रक्कम वाढवता येते का बघा, नसेल तर ‘आज नाही, काका’ म्हणायचे सात दिवस आहेत, आणि ते नजर न वळवता म्हणायचे आहेत.